आठवी ते बारावीच्या मुलांचा ताण आणि गाइडेड इमेजरी: स्क्रिप्ट कशी लिहायची, कशी वाचायची, कुठे थांबायचं

रानजाई (धागाकर्ती)

सहामाही आटोपली की शाळाशाळांतून ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’ची सत्रं सुरू होतात. त्यात बहुतेक ठिकाणी शेवटची दहा मिनिटं ‘डोळे मिटा, तुम्ही समुद्रकिनारी आहात’ हा प्रकार होतो. हीच गाइडेड इमेजरी: एकाने सावकाश वाचायचं, ऐकणाऱ्याने मनातल्या मनात ते अनुभवायचं. मुलं खिदळतात, कुणीतरी लाटेचा आवाज काढतं, आणि शिक्षकांचं मत पक्कं होतं की हे आपल्या पोरांना चालत नाही. चालतं. अडतं ते बारीकसारीक गोष्टींवर. त्यासाठीच हा धागा. समुपदेशक, शिक्षक, योगवर्ग घेणारे, पालक, सगळ्यांनी भर घाला. फक्त ‘आमच्या बंटीला खूप फरक पडला’ छापाचे प्रतिसाद नकोत, कृती लिहा.

उपयोग कुठे: परीक्षेआधीची धडधड, रात्री पडल्यावर डोकं चालू राहणं, वर्गासमोर बोलण्याची भीती, डॉक्टरांनी तपासून कारण न सापडलेली पोटदुखी किंवा डोकेदुखी. उपयोग कुठे नाही: घरी मार बसतोय, वर्गात कुणी छळतंय, सकाळी सहाच्या क्लासला मूल उपाशी जातंय. तिथे आधी कारण हटवायचं. त्रास देणाऱ्याला मोकळं सोडून त्रास होणाऱ्याला डोळे मिटायला लावणं हा अन्याय आहे.

एका सत्राला १५ मिनिटं धरा. त्यातला वाचनाचा भाग ८ ते ९ मिनिटांचा. तेरा-चौदा वर्षांचं मूल पहिल्या खेपेला त्यापुढे टिकत नाही. वीस मिनिटांच्या तयार स्क्रिप्ट मोठ्या माणसांसाठी असतात.

पहिलं मिनिट आकड्याचं. आत्ता किती ताण वाटतोय, ० ते १०, वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. मग बसणं: दोन्ही तळपाय जमिनीवर, पाठ टेकलेली, हात मांडीवर. डोकं बाकावर टेकवू देऊ नका, पाच मिनिटांत अर्धा वर्ग झोपतो. डोळे मिटायची सक्ती नाही. ज्याला नको त्याने बाकाच्या कडेवर नजर खाली ठेवावी.

मग श्वास. इथे सगळ्यात जास्त चुकतं. ‘मोठ्ठा श्वास घ्या’ म्हटलं की मुलं छाती फुगवून भराभर हवा ओढतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि घाबरलेलं मूल आणखी घाबरतं. श्वास मोठा नको, सावकाश हवा. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, मध्ये रोखायचा नाही. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित उतरते, म्हणून बाहेर जाणारा लांब. असे सहा-सात श्वास म्हणजे साधारण एक मिनिट. दमा किंवा सर्दी असेल त्याने मोजूही नये, आपापला श्वास चालू ठेवावा.

त्यानंतरचा मधला भाग नमुन्यादाखल देते. कंसात थांबायचे सेकंद.

‘पाय जमिनीला टेकलेत ते जाणवू दे. (५) पाठीला बाक लागलाय. (५) आता अशी एखादी जागा आठव, जिथे गेलं की बरं वाटतं. खरी असो नाहीतर मनातली. पटकन नाही सुचली तर घाई नाही. (१५) जशी येईल तशी येऊ दे, अंधुक असली तरी चालेल. (१०) तिथे उजेड कसा आहे? (१०) हात लावता येईल असं काय आहे जवळ? (१०) लावून बघ. गार, कोमट, खरबरीत? (१५) आवाज कुठले येतायत? लांबचे... जवळचे... (१०) एखादा वास? नसला तर नसू दे. (१०) आता थोडा वेळ मी बोलणार नाही. तू तिथेच रहा. (४०)’

यात जागा मी सांगितलेली नाही, ती मुलाची आहे. वाचणाऱ्याने फक्त विचारायचं. ‘निळंशार आकाश, हिरवीगार झाडी’ असलं वर्णन करत बसलात की मूल तुमची जागा बघायच्या खटपटीत लागतं आणि ती दिसत नाही म्हणून वैतागतं.

दुसरं, क्रियापदं. मराठीत ‘तू चालतोयस’ म्हटलं की अर्ध्या मुली बाहेर, ‘चालतेयस’ म्हटलं की मुलगे हसणार. म्हणून वाक्यं ‘जाणवू दे’, ‘बघ’, ‘ऐक’, ‘हवा लागतेय’ अशी बांधायची. आणि ‘शांत हो’, ‘विचार करू नकोस’ ही दोन वाक्यं हद्दपार. सांगून कुणी शांत होत नाही, उलट ‘मला जमत नाहीये’ हा नवा ताण तयार होतो.

परत येणं कधीही गाळू नका, दोन मिनिटं ठेवाच. ‘आता निघू या. जागा तिथेच आहे, पुन्हा जाता येईल. (५) हाताखालची मांडी जाणवू दे. पंख्याचा आवाज. (५) बोटं हलव. खांदे वर, खाली. मी पाचपासून उलटं मोजते, एकला नजर वर.’ मग पाणी, उभं राहून आळस, पुन्हा आकडा. घंटा झाली म्हणून हा भाग कापला तर मुलं पुढच्या तासाला गुंगीत बसतात, काहींचं डोकं जड राहतं. आणि सत्र शाळा सुटायच्या वेळी असेल तर लगेच सायकलवर धाडू नका.

---

पाटीपेन्सिल

उत्तम धागा. शिक्षक म्हणून प्रश्न: वर्गात साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, शेजारच्या वर्गात कविता चालू, मैदानावर पीटी. आणि खिदळण्याचं काय करायचं?

---

रानजाई

पाटीपेन्सिल, खिदळण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: डोळे मिटल्यावर आपल्याकडे कुणी बघतंय का, ही धास्ती. या वयात ती फार तीव्र असते. म्हणून सुरुवातीलाच तीन गोष्टी ठरवा. वर्गात मोबाइल नाही. कुणाकडे बघायचं नाही, आणि वाचणारा स्वतःही वर्गावर नजर फिरवणार नाही, कागदाकडे बघेल (अधूनमधून एक नजर टाका, पण रोखून नाही). हसू आलं तर हसून घ्या, पण आवाज न करता. ओरडलात की संपलं. पहिल्या सत्रात नुसते श्वास आणि पाय जमिनीवर, एवढं चार मिनिटांचंच करा. कल्पनेचा भाग दुसऱ्या खेपेला.

आवाज बंद करायच्या मागे लागू नका. ‘बाहेर आवाज आहेत, ते येतील आणि जातील, उत्तर द्यायची गरज नाही’ हे वाक्य स्क्रिप्टमध्येच घाला. परीक्षेच्या हॉलमध्ये तरी कुठे शांतता असते?

वेळ: मधल्या सुट्टीनंतर लगेच नको, पोट भरलेलं असतं. पीटीनंतर नको, घाम आणि धाप असते. दुसरा किंवा तिसरा तास बरा. आणि ‘फार गोंगाट करताय, आता डोळे मिटून बसा’ असं शिक्षा म्हणून एकदा जरी वापरलंत, तरी तो वर्ग वर्षभरासाठी हातचा गेला.

साठ मुलांत मी वर लिहिलेलं चालतं, पण ताण खरोखर जास्त असलेल्यांसाठी आठ-दहा जणांचा गट हवा. साठात कुणाचं काय होतंय ते दिसत नाही.

---

त्रिज्या

चिकित्सा मानसशास्त्राच्या बाजूने भर घालते, कारण शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे.

डोळे मिटून आत वळणं सगळ्यांना सोसत नाही. काही जणांत शिथिल व्हायला लागल्यावरच चिंता उसळते. हायडी आणि बोर्कोव्हेक या संशोधकांनी १९८३ मध्येच याची नोंद केली आहे. सतत सावध राहण्यावर ज्याची भिस्त आहे, त्याला सैल होणं म्हणजे पहारा सोडणं वाटतं. अशा मुलासाठी आधी स्नायू आवळून सोडण्याची जेकबसनची पद्धत बरी, कारण तिथे करायला काहीतरी ठोस असतं: मूठ पाच सेकंद आवळ, पंधरा सेकंद सोड, मग खांदे, मग पायाची बोटं.

अत्याचार, अपघात, घरातला मृत्यू असं काही घडलेल्या मुलांत रिकाम्या शांततेत नको ती दृश्यं येऊ शकतात. म्हणून मोठ्या वर्गात वरचे ४० सेकंद मी १५ वर आणीन. भास होणं, वास्तवाशी संबंध सुटणं असा इतिहास असेल तर हा प्रकार शाळेत करायचाच नाही, उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तर नाहीच. फिट्स येणाऱ्या मुलांना जोरजोरात श्वास घ्यायला लावू नये; काही प्रकारच्या फिट्स त्याने सुरू होतात.

आणखी एक, जे वर्गात कळत नाही. ‘आता लक्ष पोटाकडे, मांड्यांकडे’ अशी अंगभर फेरी या वयाच्या मुलींना, आणि शरीरावरून चिडवलं जाणाऱ्या मुलग्यांनाही, नकोशी होते. खाण्याच्या तक्रारी असलेल्यांना तर फारच. तळपाय, हात, खांदे, चेहरा एवढ्यावर भागतं.

काय दिसलं तर त्या मुलापुरतं थांबायचं: श्वास भराभर, चेहरा पांढरा, एकटक न हलणारी नजर, रडू, थरथर. वर्ग थांबवू नका, त्या मुलाजवळ जाऊन हळू आवाजात नाव घ्या. न विचारता हात लावू नका. डोळे उघडायला सांगा आणि ५-४-३-२-१ करा: दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाच्या चार, आवाज तीन, वास दोन, चव एक. वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायला लावा. ‘काय झालं?’ हा प्रश्न वर्गात विचारू नका.

मुलाने नंतर लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर ते गुपित राहत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकालाही. चाइल्डलाइन १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) आणि टेलिमानस १४४१६ (मानसिक आरोग्यासाठीची) हे दोन्ही नंबर सत्राआधीच फळ्यावर लिहून ठेवलेले बरे; नंतर लिहिले की सगळे मान वळवून बघतात, कुणासाठी लिहिले ते.

---

खारंवारं

रानजाईंच्या ‘जागा मुलाची’ या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. तयार ऑडिओत हटकून येणारी दोन चित्रं, समुद्र आणि वाहती नदी. गडचिरोलीतल्या ज्या मुलाने समुद्र पाहिलेलाच नाही त्याच्या डोळ्यांसमोर सिनेमातलं गाणं येतं. ते तरी निरुपद्रवी. पण २०१९ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं ती कोल्हापूर-सांगलीकडची तेव्हाची लहान मुलं आता दहावी-बारावीत आहेत. चिपळूणला जुलै २०२१. तिथे ‘पाण्याचा आवाज ऐका, पाणी जवळ येतंय’ म्हणणं म्हणजे पायावर धोंडा. उंच कडा, दाट जंगल, बंद लिफ्ट, अंधारी गुहा हेही टाळावं.

आणि ‘घर’ ही सुरक्षित जागाच असेल हे धरून चालू नका. ‘तुझ्या घरातला आवडता कोपरा’ हे वाक्य कित्येक स्क्रिप्टमध्ये असतं. एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे कोपरा कुणाचा असणार?

जागा सुचतच नसेल तर मुलाला तीन पर्याय लिहून द्या आणि एकावर खूण करायला सांगा: गच्ची, झाडाखालचा पार, एसटीची खिडकीजवळची सीट. एसटीची सीट आश्चर्य वाटेल इतकी चालते. वारा लागतो, खडखड एका लयीत असते, आणि कुणी काही विचारत नाही.

---

कुंपणावरचा

म्हणजे योगनिद्राच की, इंग्रजी नाव लावून. उगाच नवीन बाटली.

---

अनुलोम

नाही हो, पूर्ण नाही. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी बसवलेल्या योगनिद्रेत ठरलेला क्रम आहे: संकल्प, उजव्या अंगठ्यापासून सुरू होणारी शरीरातली फेरी, श्वासाकडे लक्ष, जड-हलकं, गार-गरम अशा उलटसुलट जाणिवा, मग भराभर बदलणारी चित्रं, पुन्हा संकल्प. तीही आडवं होऊन, शवासनात. गाइडेड इमेजरीत एकच चित्र धरून त्यात रेंगाळायचं असतं, आणि ते बसून करता येतं.

शाळेत शवासन सोयीचं नाही. जागा नसते, मुलामुलींच्या एकत्र वर्गात आडवं व्हायला अवघडतं, आणि झोप लागते. रात्री न झोपणाऱ्यांना मात्र घरी अंथरुणावर योगनिद्रेची शरीरफेरी उपयोगी पडते. तिथे झोप लागली तर उत्तमच, जागं राहायचा नियम त्या वेळी सोडून द्यावा. त्रिज्या यांनी सांगितलेला शरीराचा मुद्दा घरी एकट्याने करताना तितका नडत नाही, तरी मुलीला विचारून.

---

सोनसळी

पालक म्हणून विचारते. घरी रोज कोण वाचून दाखवणार? यूट्यूबवर ढीगभर आहेत, ते लावले तर? की मी माझ्याच आवाजात रेकॉर्ड करू? लेक नववीत आहे.

---

रानजाई

सोनसळी, नववीतल्या लेकीला आईच्या आवाजात ‘पाय जमिनीला टेकलेत’ ऐकायचं नसतं. :) तोच आवाज दिवसभर ‘अभ्यास झाला का’ विचारत असतो. तिचं तिलाच रेकॉर्ड करू द्या, किंवा तिच्या एखाद्या मैत्रिणीला. स्वतः स्क्रिप्ट लिहून वाचण्यात अर्धं काम होऊन जातं, कारण जागा नक्की करावी लागते.

यूट्यूबची अडचण जाहिरात. डोळे मिटलेले, श्वास मंद झालेला, आणि मध्येच दुप्पट आवाजात कर्जाची जाहिरात. वापरायचंच तर आधी पूर्ण स्वतः ऐका, ऑफलाइन घ्या, आणि ‘तू यशस्वी होणारच, तू पहिला येणारच’ असलं काही असेल तर सोडून द्या.

रेकॉर्डिंगसाठी: तीनशे-साडेतीनशे शब्द पुरतात, थांबे धरून आठ-नऊ मिनिटं होतात. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. फोन तोंडापासून एक वीत, थोडा बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर माइकवर आदळत नाही. कपड्यांचं उघडं कपाट समोर असेल तर आवाज घुमत नाही. थांबे मनात अंदाजे धरू नका, घड्याळ समोर ठेवा. अंदाजाने वाचणाऱ्याचे दहा सेकंद चारच भरतात. संगीत नको. हवंच असेल तर ओळखीची चाल नको, नाहीतर डोक्यात गाणं सुरू होतं. वाचताना आवाज ‘आध्यात्मिक’ करू नका. नेहमीचाच आवाज, फक्त वाक्याच्या शेवटी उतरता.

---

जलरंग

आता परीक्षेबद्दल, कारण बहुतेक जण इथे त्यासाठीच आले असणार.

शांत जागा हा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे ज्याची भीती वाटते त्याचीच कल्पनेतली तालीम, आणि इथे क्लासवाले सगळ्यात मोठी चूक करतात: ‘डोळे मिटा, हातात मार्कशीट आहे, ९५ टक्के, आईबाबा पेढे वाटतायत.’ छान वाटतं, पण त्याने काम होत नाही. फाम आणि टेलर या संशोधकांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांवर नेमकं हेच तपासलं. परीक्षेआधी काही दिवस एका गटाने रोज पाच मिनिटं चांगला ग्रेड मिळाल्याची कल्पना केली, दुसऱ्याने अभ्यास कसा करतोय त्याची. अभ्यासाची कल्पना करणाऱ्यांनी जास्त तास अभ्यास केला आणि त्यांना गुणही जास्त पडले. निकालाच्या कल्पनेत पोट आधीच भरतं, पुस्तक उघडायची निकड उरत नाही.

म्हणून कल्पना कृतीची करायची, आणि तीही अडचणीसकट. दोन स्क्रिप्ट देतो.

अभ्यासाची, ३ मिनिटं: ‘संध्याकाळचे सात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला तू उठतेस/उठतोस (इथे मुलाने स्वतःचं लिहावं). विज्ञान भाग २, धड्याचं पहिलं पान. पेनचं टोपण काढलं. पहिली आकृती. वीस मिनिटांनी कंटाळा येतोय, हात फोनकडे वळतोय, फोन नाही. पाणी. परत त्याच आकृतीवर.’

पेपरची, ४ मिनिटं: ‘हॉल. पायाखालची फरशी. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहून झाला. प्रश्नपत्रिका हातात आली. दुसरा प्रश्न येत नाही. छातीत धडधड. पेन खाली. तळपाय जमिनीवर. तीन लांब उच्छ्वास. तिसरा प्रश्न वाचला, पहिली ओळ लिहिली.’

‘येत नाही’ हे वाक्य गाळायचं नाही. सगळं सुरळीत पार पडल्याची तालीम करणारं मूल प्रत्यक्षात पहिल्या अडथळ्याला कोसळतं. धडधड झाली तरी पुढे काय करायचं, ते अंगात बसलं पाहिजे. वेगही खरा ठेवायचा, घाईत नाही. खेळाडूंसाठी होम्स आणि कॉलिन्स यांनी २००१ मध्ये मांडलेल्या चौकटीत हेच आहे: जागा, शरीराची स्थिती, वेग, भावना हे सगळं खऱ्या प्रसंगाच्या जितकं जवळ तितकं चांगलं. म्हणून पेपरची तालीम लोळून करायची नाही. टेबलाशी बसून, हातात पेन घेऊन करायची.

---

पाटीपेन्सिल

जलरंग, एक जोड. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेत सकाळचा पेपर ११ ला, पण मुलं साडेदहापासून हॉलमध्ये असतात. पूर्वी वाचनासाठी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी मिळायची, २०२३ पासून ती दहा मिनिटं शेवटी दिली जातात. म्हणजे हातात पेपर आला की लगेच लिहायला सुरुवात, दम खायला आधीची दहा मिनिटं नाहीत. तालमीत हा क्रम बरोबर असू द्या, जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘आता दहा मिनिटं नुसतं वाचा’ असतं.

---

त्रिज्या

म्हणून हॉलमधली छोटी आवृत्ती उत्तरपत्रिकेचं पहिलं पान भरून झाल्यावर आणि प्रश्नपत्रिका येण्याआधी करायची, दीड मिनिटाची, डोळे उघडे ठेवून. तळपाय, सहा आकड्यांचे तीन उच्छ्वास, अंगठा आणि तर्जनी हलके दाबणं, आपल्या जागेतली एकच गोष्ट, शक्यतो स्पर्शाची, मनात आणणं.

ही बोटांची खूण आपोआप काम करत नाही. घरी रोजच्या सरावात, जागा सगळ्यात स्पष्ट असते तेव्हा ती दाबायची, तेव्हाच सोबत जोडली जाते. दोन-तीन आठवडे रोज, ताण नसतानाही. फेब्रुवारीत पेपर असतील तर डिसेंबर-जानेवारीत सुरुवात हवी. परीक्षेच्या सकाळी पहिल्यांदा करून बघणं वाईट. जमलं नाही की त्याचीच धास्ती. आणि खूण दिसायला साधी असावी. पुटपुटणं, हात वर नेणं असलं काही नको, पर्यवेक्षकांचं लक्ष जाईल.

---

कुंपणावरचा

ठीक आहे, योगनिद्रा नाही. पण ज्याला डोळे मिटले की नुसता अंधारच दिसतो, त्याचं काय? उपहासाने विचारत नाहीये. काही मुलं शपथेवर सांगतात की काहीच दिसत नाही.

---

त्रिज्या

खरं सांगतात. फ्रान्सिस गाल्टनने १८८० मध्ये लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल डोळ्यांसमोर आणायला सांगितलं, तेव्हाच काहींनी ‘काही दिसत नाही’ असं कळवलं होतं. २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन यांनी त्याला अफँटेशिया हे नाव दिलं. शेकडा एक ते चार लोकांत हे असतं, म्हणजे साठांच्या वर्गात एक-दोघं धराच. तो आजार नाही.

त्यांच्यासाठी ‘काय दिसतंय?’ काढून टाका. ‘कुठे बसल्यासारखं वाटतंय? हवा कुठून लागतेय? कुणाचा आवाज?’ एवढं विचारा. तेही जमत नसेल तर खरी वस्तू हातात द्या: गुळगुळीत दगड, लोकरीचा तुकडा, चिंचोका. पाच मिनिटं तिचाच पोत, वजन, गारवा. परिणामात फार उणं पडत नाही. खरं तर सगळ्यांच्याच स्क्रिप्टमध्ये दृश्यापेक्षा स्पर्श आणि आवाज जास्त असावेत, चित्र पटकन निसटतं.

---

अनुलोम

पुराव्याबद्दल कुणी लिहा ना. पालकसभेत पहिला प्रश्न तोच येतो.

---

जलरंग

एक नेमकं उदाहरण: अमेरिकेत मुलांच्या कारण न सापडणाऱ्या पोटदुखीवरचा व्हॅन टिलबर्ग आणि सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास. ६ ते १५ वयाची ३४ मुलं, दोन महिने. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत घरी ऐकायचं गाइडेड इमेजरीचं रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगवाल्या गटात साधारण ६३ टक्के मुलांना बऱ्यापैकी आराम पडला, दुसऱ्यात २७ टक्के. संख्या लहान आहे, हेही पालकसभेत सांगा. आणि हे पोटदुखीबद्दल आहे, ‘मार्क वाढतात’ असं त्यातून निघत नाही. मार्क वाढवून देणारं तंत्र म्हणून कुणी विकत असेल तर बाहेरचा रस्ता दाखवा.

---

सोनसळी

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचं: ते ० ते १० चे आकडे महिनाभर लिहून झाले, मग वाचायचे कसे? आणि आधी ४ असताना नंतर ६ झाला तर बंद करायचं का?

---

रानजाई

एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. आठवड्याचे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी लिहा. ७ चा ५ झाला तरी पुरेसं आहे, ० ची अपेक्षाच नको. परीक्षेला थोडा ताण लागतोच. तिसऱ्या आठवड्यापासून आधीचाच आकडा उतरायला लागला तर सराव अंगी लागतोय. रोज सातत्याने ८ चा १ होत असेल तर मात्र शंका घ्या, मूल तुम्हाला खूश करायला लिहीत असेल. वही तुम्ही बघत नाही ना, ते आधी तपासा.

४ चा ६ एखाद्या दिवशी झाला तर चालतं. काही मुलांना थांबल्यावरच कळतं की आपण किती ताणलेले आहोत, म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा आकडा चढतो. सलग चार-पाच दिवस चढत असेल तर जागा बदलून बघा, डोळे उघडे ठेवा, वेळ निम्मी करा. तरीही चढला तर हे थांबवा आणि त्रिज्या यांनी सांगितलेलं मूठ आवळणं-सोडणं सुरू करा. सोबत झोप, जेवण, मैत्रिणी यांतलं काही तुटलंय का ते बघा. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, किंवा ‘मी नसते तर बरं’ अशी भाषा आली तर वही बाजूला ठेवून सरळ तज्ज्ञाकडे न्या, तोवर १४४१६ वर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

स्क्रिप्टची पीडीएफ हवी असलेल्यांनी माझ्या विपूत (विचारपूस) लिहा. सातवीपर्यंतच्या मुलांसाठी वेगळा धागा काढते, तिथे चार मिनिटांच्या पुढे जाताच येत नाही.